बारीक पांढरी अळंबी कोणती? दोडामार्गच्या रानातील प्रकल्प नोंदी

५ जून. तयारी

काम एकच: पावसाच्या सुरुवातीला वारुळाच्या आसपास शेकड्यांनी उगवणारी, नखाएवढ्या टोपीची पांढरी अळंबी नेमकी कोणती, हे प्रजातीपर्यंत ठरवणे. पहिला अंदाज टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस. बर्कली आणि ब्रूम या ब्रिटिश कवकतज्ज्ञांनी १८७१ मध्ये श्रीलंकेतील नमुन्यांवरून तिचे वर्णन अ‍ॅगॅरिकस मायक्रोकार्पस या नावाने केले. वाळवीच्या पोळ्यावर वाढणाऱ्या अळंब्यांसाठी फ्रेंच कवकतज्ज्ञ रॉजर हाइम यांनी टर्मिटोमायसिस हा वेगळा वंश मांडला आणि १९४२ मध्ये ही प्रजाती त्यात आणली. खाण्यासाठी ती सर्रास गोळा होते. म्हणूनच ओळख पक्की हवी, कारण ही अळंबी एकेक करून खुडत नाहीत, मुठीने उपटतात.

जागा: दोडामार्ग तालुक्यातील मालकी रान, उंची साधारण १०० मीटर, जांभ्याची जमीन, झाडे मुख्यतः ऐन, किंजळ, कुंभा. मालकाची परवानगी लेखी घेतली. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय काही उचलायचे नाही, तिथे फक्त फोटो.

सोबतचे सामान: पातळ लोखंडी कालथा (मातीचा थर अखंड उचलायला खुरप्यापेक्षा हा बरा), सुरी, १० पट भिंग, १५ सेंमी पट्टी, राखाडी कार्ड, कागदी पाकिटे, मिठाईचे खणांचे खोके, पेन्सिल. शाईचे पेन नको, पावसात लेबल धुऊन जाते. प्लास्टिकची पिशवी तर अजिबात नको. तिच्यात घाम धरतो आणि दोन तासांत टोप्या एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा होतो.

११ जून

तीन दिवस चांगला पाऊस. रानातल्या पाहणीसाठी नेमलेल्या क आणि ख या दोन्ही प्लॉटवर काहीच नाही. जमीन वरची फक्त चार बोटे भिजली आहे.

१८ जून. पहिला ताटवा, प्लॉट क

वारुळाच्या पायथ्यापासून सुमारे ३ मीटरवर ताटवा, साधारण ६० × ४० सेंमी. दाट भागातल्या १० × १० सेंमीच्या चौकटीत ३७ अळंब्या मोजल्या. काही अजून टाचणीच्या डोक्याएवढ्या, काही पूर्ण उघडलेल्या. वेगवेगळ्या वयाच्या ३० अळंब्या नमुना टीएम-०१ म्हणून घेतल्या.

टोपी ८ ते २१ मिमी, रंग पांढरा, मध्याशी करडट-पिवळसर. मध्यावर बारीक, घट्ट टोक. हे टोक नीट पाहावे, भिंगातून ते भाताच्या तुसाच्या टोकासारखे दिसते आणि टोपी सपाट झाली तरी मोडत नाही. पूर्ण वाढलेल्या टोपीची कड मध्याच्या दिशेने फाटत जाते. गिल्स (टोपीखालच्या पातळ पाकळ्या) दाट, पांढऱ्या, देठाला न टेकणाऱ्या. देठ २५ ते ५० मिमी लांब, १ ते २.५ मिमी जाड, भरीव. चिरला तर तंतू सुटतात, पोकळी नाही. देठावर कडे नाही, तळाशी पिशवी नाही.

पहिल्या दहा अळंब्या हाताने उपटल्या, ती चूक झाली. दहापैकी आठ देठ जमिनीलगत तुटले. वहीत 'खोटे मूळ नाही' असे लिहिले होते, ते खोडले. तुटलेल्या देठावरून मूळ नाही असे म्हणता येत नाही, मूळ दिसले नाही इतकेच म्हणता येते. टर्मिटोमायसिसच्या बहुतेक प्रजातींना देठाखाली मुळासारखा लांब भाग असतो आणि तो जमिनीतल्या पोळ्यापर्यंत जातो. मायक्रोकार्पसला तो नसतो. ओळखीतला सर्वात मोठा पुरावा असा जमिनीखाली आहे, आणि उपटताना नेमका तोच मागे राहतो.

मग पद्धत बदलली. ताटव्याच्या कडेने १२ सेंमीचा चौकोन सुरीने कापला. कालथा एका बाजूने ८ सेंमी खोलीवर आडवा सरकवून मातीची वडी अखंड उचलली आणि ट्रेमध्ये ठेवून फवारणीच्या बाटलीने कडेकडेने धुतली. पाण्याची धार थेट मारू नये, तळाचे धागे वाहून जातात.

वडीत वरून खाली असे दिसले: पाचोळा, पातळ माती, मग सुमारे ५ मिमीचा वेगळाच थर. राजगिऱ्याएवढे गोल दाणे, फिकट तपकिरी ते करडे, सैल पसरलेले. प्रत्येक देठ तळाशी निमुळता होऊन दोन-तीन पांढऱ्या धाग्यांत संपतो आणि ते धागे या दाण्यांना घट्ट चिकटलेले असतात. चिमट्याने देठ उचलला की चार-पाच दाणे लोंबत वर येतात. थराखाली स्वच्छ लाल माती, त्यात शिरणारे काहीही नाही.

हे दाणे म्हणजे वाळवीच्या बुरशीच्या पोळ्याचा चुरा. वाळवी चावलेल्या पालापाचोळ्याच्या विष्ठेच्या गोळ्यांपासून पोळे रचते आणि त्यावर ही बुरशी वाढते. पाऊस लागल्यावर कामकरी वाळवी पोळ्याचा काही भाग बाहेर आणून जमिनीलगत पातळ पसरते. काही दिवसांत त्याच पसाऱ्यावर अळंबी उगवते. पोळेच वर आलेले असते, म्हणून खोलवरून वर येण्यासाठी लागणारे मूळ इथे तयारच होत नाही. बारीक आकार आणि ताटव्याची दाटी ही दोन्ही याच पसाऱ्याची देणगी असावी.

१८ जून, रात्री. बीजाणूंचे ठसे

बीजाणू म्हणजे अळंबीची बीजासारखी बारीक भुकटी. ती खाली पडून तिचा रंग दिसावा म्हणून सहा टोप्या कागदावर पालथ्या ठेवल्या, वर पंखा चालू होता. दोन तासांत कडा वळल्या, ठसा आला नाही. एवढ्या लहान टोपीत पाणीच थोडे, वारा लागला की बीजाणू सुटायच्या आत ती सुकते.

दुसरी फेरी: देठ गिल्सच्या पातळीत ब्लेडने कापला, टोपी काचपट्टीवर ठेवली, टोकावर पाण्याचा एक थेंब सोडला, शेजारी ओला कापूस आणि वर वाटी पालथी. अशा बारा टोप्या लावल्या, प्रत्येकीला वेगळी पट्टी आणि वेगळा क्रमांक. एका पट्टीवर चार-पाच टोप्या ठेवण्याचा मोह टाळावा, त्याचे कारण २० तारखेच्या नोंदीत आहे. टोपी अर्धवट उघडलेली निवडावी. मिटलेली बीजाणू टाकत नाही आणि पूर्ण फाटलेलीने ते आधीच टाकलेले असतात.

१९ जून

आठ तासांनी बारापैकी नऊ ठसे आले. पातळ ठसा काचेवर पांढराच वाटतो, त्यावर रंग लिहू नये. ब्लेडने सगळी भुकटी एका जागी ओढून ढीग केला, वरून दुसरी काच दाबली आणि खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कागदावर धरली. रंग फिकट गुलाबी, सोलकढीपेक्षा बराच फिका आणि किंचित पिवळटाकडे झुकणारा. पिवळ्या दिव्याखाली हाच ढीग मळकट पांढरा दिसतो, तो उजेड ग्राह्य धरायचा नाही.

या एका रंगाने बराच पसारा आवरला. कुजक्या बुंध्यावर अशीच गर्दी करणारा कॉप्रिनेलस डिसेमिनेटस बाद: त्याचा ठसा काळपट, टोपीवर मध्यापर्यंत चुण्या आणि गिल्स पुढे करड्या-काळ्या होतात. पांढऱ्या ठशाच्या मायसिना आणि मरॅस्मियस बाद. पांढऱ्या ठशाचा लहान लेपिओटाही बाद, आणि सर्वात काळजीपूर्वक बाद करायचा तोच. त्याच्याही गिल्स देठाला टेकत नाहीत, कडे गळून पडले असेल तर वरून फरक चटकन दिसत नाही. लेपिओटाच्या काही लहान प्रजातींत अ‍ॅमाटॉक्सिन हे विष असते. शिजवून ते नष्ट होत नाही आणि त्रास सुरू व्हायला सहसा सहा तासांहून जास्त वेळ जातो, तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. गुलाबी ठशाचे उरले तिघे: टर्मिटोमायसिस, प्लूटियस आणि एन्टोलोमा. प्लूटियस लाकडावर उगवतो, इथे लाकूड नाही.

२० जून. सूक्ष्मदर्शक

आधी मोजपट्टी जुळवली. स्टेज मायक्रोमीटरचा (खुणा कोरलेल्या काचपट्टीचा) एक भाग १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्यावरून डोळ्याच्या भिंगातल्या पट्टीचा एक भाग प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी (नमुन्याकडच्या भिंगासाठी) वेगळा काढून चिठ्ठी यंत्रालाच चिकटवली. ४० च्या ऑब्जेक्टिव्हचा आकडा १०० ला लावला तर प्रत्येक माप अडीचपट मोठे येते. असा आकडा 'नवीन प्रजाती'सारखा वाटतो, म्हणून जास्तच धोक्याचा.

बीजाणू ठशातले घ्यावेत, गिल चिरडून काढलेले नकोत. त्यांत कच्चे बीजाणू मिसळतात आणि सरासरी खाली येते. ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, तेलात १०० चे ऑब्जेक्टिव्ह, प्रत्येक ठशातले ३० बीजाणू. आडवे पडलेलेच मोजायचे. उभ्या बीजाणूचे फक्त टोक दिसते आणि तो गोल वाटतो.

आठ ठशांत बीजाणू लंबगोल, गुळगुळीत, पातळ भिंतीचे, रंगहीन, ६.२ ते ७.८ × ३.८ ते ४.७ मायक्रॉन. बीजाणूंच्या रंगचाचणीच्या मेल्झर द्रावणात (पाणी १०० मिली, पोटॅशियम आयोडाइड ५ ग्रॅम, आयोडीन १.५ ग्रॅम, क्लोरल हायड्रेट १०० ग्रॅम) फक्त फिकट पिवळे झाले. बहुतेक मायसिनांचे बीजाणू त्यात निळसर-काळे होतात, लेपिओटाचे बहुधा तांबूस-तपकिरी. क्लोरल हायड्रेट विषारी आहे. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून वापरावे. द्रावण पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात मिसळले तर गढूळ होते, म्हणून मेल्झरसाठी वेगळी कोरडी पट्टी घ्यावी.

नववा ठसा (टोपी ७) वेगळा निघाला. बीजाणू कोनेदार, पाच-सहा कोपऱ्यांचे, ९ ते ११ मायक्रॉन लांब. हा एन्टोलोमा. त्याचाही ठसा गुलाबी, टोपीही तशीच बारीक, टोकदार, फिकी. म्हणजे टीएम-०१ या पाकिटात दोन वेगळ्या अळंब्या एकत्र आल्या होत्या आणि रंगाच्या चाळणीतून दोन्ही गेल्या.

पाकीट रिकामे करून ३० अळंब्या एकेक तपासल्या. आणखी दोन तशाच सापडल्या. तिन्हीच्या गिल्स देठाजवळ खाच घेऊन त्याला चिकटलेल्या, गर्दी कमी, देठ चकचकीत आणि आतून पोकळ, तळाशी एकही दाणा नाही. त्या पसाऱ्यावर नव्हे, शेजारच्या पाचोळ्यात उगवल्या होत्या. १८ तारखेचे फोटो पुन्हा पाहिले: वरून घेतलेल्या फोटोत या तीन ओळखता येत नाहीत, आता माहीत असूनही नाहीत. पाकिटाचे दोन भाग केले, टीएम-०१अ (२७ अळंब्या) आणि टीएम-०१ब (एन्टोलोमा, ३).

यापुढे नमुने गोळा करतानाचा नियम: प्रत्येक अळंबी उलटी करून गिल्स आणि तळ पाहिल्याशिवाय पाकिटात जाणार नाही. वेळ लागतो, ३० अळंब्यांना साधारण २० मिनिटे.

२४ जून

गिल्सचे छेद. ताजी टोपी फार मऊ, ब्लेडखाली दबते. गाजराच्या फोडीत चीर पाडून त्यात टोपीचा तुकडा धरला आणि दोन्ही मिळून कापले, छेद पातळ आले. काँगो रेड या रंगद्रव्यात गिलच्या कडेवर आणि बाजूवर फुगीर, नासपतीच्या आकाराच्या पातळ भिंतीच्या पेशी दिसल्या, लांबी २० ते ३८ मायक्रॉन. बीजाणू धरणाऱ्या पेशींवर चार-चार टोके. तंतूंच्या सांध्यांवर अडकणीसारखी गाठ नाही. सगळे मायक्रोकार्पसच्या वर्णनाशी जुळते.

२ जुलै. प्लॉट ख

ऐनाच्या झाडाखाली ३० ते ४० अळंब्या, विरळ पसरलेल्या. टोपी १५ ते ३० मिमी, टोक अणकुचीदार, गिल्स सुट्या, ठसा गुलाबी, बीजाणू गुळगुळीत लंबगोल. वरून आणि सूक्ष्मदर्शकाखालीही प्लॉट क सारखीच, फक्त अंगाने थोडी थोराड.

इथे वडी उचलली तर दाण्यांचा थर नाही. देठ वडीच्या तळाशी कापला गेलेला, कापलेले टोक पांढरे आणि भरीव. म्हणजे तो पुढे खाली जात होता.

मूळ शोधायचे तर वरून खणू नये. अळंबीपासून १५ सेंमी अंतरावर आधी ३० सेंमी खोल खड्डा घेतला, मग खड्ड्याच्या बाजूने अळंबीकडे थोडी-थोडी माती सोडवत गेलो. दाढी करायचा ब्रश आणि पाण्याची बाटली यांवरच काम झाले. १४ सेंमी खाली मूळ वाळवीच्या पोकळीत शिरले आणि तिथे पोळे, ओल्या स्पंजसारखे, सुरकुतलेले. अशी तीन मुळे शेवटपर्यंत मोकळी केली, तिन्ही पोळ्यापर्यंत पोचली. चौथे जांभ्याच्या दगडात शिरले, ते सोडून दिले. पोकळी मातीने झाकून खड्डा बुजवला.

म्हणून प्लॉट ख ची अळंबी मायक्रोकार्पस नाही. नमुना टीएम-०२, लेबलवर फक्त 'टर्मिटोमायसिस'. लहान टोपी पाहून मायक्रोकार्पस म्हणायची घाई होते, पण या वंशात आकाराची मर्यादा फार सैल आहे. झांबियातल्या टर्मिटोमायसिस टायटॅनिकसची टोपी एक मीटरपर्यंत जाते, आणि मूळ असलेल्या प्रजातींची कोवळी किंवा खुजी अळंबी नखाएवढीही असू शकते. कवकतज्ज्ञ सिंगर यांनी मायक्रोकार्पसला १९४५ मध्ये पोडाब्रेला या वेगळ्या वंशात टाकले होते. आज ती टर्मिटोमायसिसमध्येच धरतात, पण मूळ नसणे किती ठळक लक्षण आहे हे त्यावरून कळते.

९ जुलै

दोन्ही प्लॉटवरून वाळवी घेतली. कामकरी वाळवीवरून ओळख होत नाही, मोठ्या डोक्याचे सैनिक हवेत. प्रत्येक जागेचे आठ ते दहा सैनिक ८० टक्के अल्कोहोलमध्ये. दोन्हीकडे डाव्या जबड्यावर एकच स्पष्ट दात: ओडोन्टोटर्मीस. वाळवीचा वंश दोन्हीकडे सारखाच, तेव्हा यजमानावरून अळंबीची प्रजाती ठरत नाही. नोंद मात्र लेबलवर हवी.

२१ जुलै. वाळवणे

ड्रायर ४० ते ४५ अंशांवर, एवढ्या बारीक अळंबीला सहा तास पुरतात. एक ट्रे चुकून ६० अंशांवर गेला. त्यातल्या टोप्या तपकिरी, ठिसूळ झाल्या आणि डीएनएसाठी त्या धरायच्या नाहीत. डीएनएचे तुकडे ताजे असतानाच वेगळे काढून कागदी पुडीत, सिलिका जेलमध्ये. जेल नमुन्याच्या वजनाच्या दहापट घ्यावे. नारिंगी दाणे हिरवे पडले की बदलावेत.

तळाचे दाणे वाळताना सुटून पाकिटाच्या कोपऱ्यात जातात. ते वेगळ्या लहान पुडीत घालून त्याच पाकिटात ठेवले. दाणे हरवले तर कोरड्या नमुन्यात ओळखीचा अर्धा पुरावा उरत नाही.

६ ऑगस्ट. डीएनए, पहिला प्रयत्न

आयटीएस भाग (बुरशीची प्रजाती ओळखायला वाचतात तो डीएनएचा भाग), त्याच्या प्रती सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्राइमर, आयटीएस१एफ आणि आयटीएस४. प्रती करायचे तापमान: ९४ अंश ४ मिनिटे, मग ३५ फेऱ्या (९४ अंश ३० सेकंद, ५२ अंश ३० सेकंद, ७२ अंश १ मिनिट), शेवटी ७२ अंश १० मिनिटे. डीएनए तपासायच्या जेलवर पट्टी नीट आली, पण डीएनएतील अक्षरांचा क्रम वाचता येईना, आलेखात एकावर एक दोन शिखरे.

कारण तुकड्यात होते, तो देठाच्या तळाचा घेतला होता. तळाला पोळ्याचे दाणे चिकटलेले आणि वाळवीने सोडलेल्या पोळ्यावर सुडोझायलेरिया ही दुसरी बुरशी वाढते. आयटीएस१एफ बुरशीसाठी बेतलेला, त्याला दोन्ही सारख्याच. जो तळ ओळखीसाठी सर्वात मोलाचा, तोच डीएनएसाठी सर्वात मळका.

१९ ऑगस्ट

टोपीची वरची साल सोलून आतला पांढरा गर, सुमारे २० मिग्रॅ, जाळून निर्जंतुक केलेल्या चिमट्याने घेतला. टीएम-०१अ मधल्या तीन वेगवेगळ्या अळंब्या. तिन्ही आलेख स्वच्छ, तिन्ही क्रम एकसारखे. जेनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहातल्या सर्वात जवळच्या नोंदी टर्मिटोमायसिसच्याच, त्यांतल्या काहींवर मायक्रोकार्पस हे नाव. तिथले नाव जमा करणाऱ्याने दिलेले असते, ते कोणी तपासून दिलेले नसते. म्हणून ज्या नोंदीमागे संग्रहालयात ठेवलेला नमुना आहे त्याच तुलनेला धरल्या आणि निर्णय दाणे, मूळ नसणे, ठसा व बीजाणू यांवर ठेवला. टीएम-०२ चा क्रम टीएम-०१अ पेक्षा वेगळा आला.

२८ ऑगस्ट. लेबले आणि रवानगी

टीएम-०१अ: टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस, पक्की ओळख. टीएम-०१ब: एन्टोलोमा, वंशापर्यंत. टीएम-०२: टर्मिटोमायसिस, मूळ १४ सेंमी.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवक संग्रहासाठी तीन पाकिटे तयार केली. प्रत्येकावर जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, झाडे, वारुळापासूनचे अंतर, ताज्या अळंबीची मापे, ठशाचा रंग आणि वाळवीच्या कुपीचा क्रमांक. ठशाच्या काचपट्ट्या वेगळ्या खोक्यात. १८ जूनला हाताने उपटलेल्या दहा अळंब्यांच्या लेबलवर 'तळ पाहिलेला नाही' असा शेरा लाल पेन्सिलीने लिहिला.